आधी माळा, मग खिडकी

शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत थंडीची चाहूल तुळशीमुळे लागते. ऑक्टोबरात दव गोठायच्या आत कुंडी घरात आली नाही, तर एका रात्रीत पानं काळी पडतात. कुंडी दक्षिणेच्या खिडकीत विसावली की घरमालकाचं लक्ष त्या खिडकीच्या फटींकडे जातं. तो पारदर्शक प्लास्टिक चिकटवतो, हेअर ड्रायरने ताणून घेतो आणि हिवाळ्याची तयारी उरकली असं समजतो. घरं थंडीजोगी करून देणारा कारागीर मात्र आल्या आल्या शिडी मागतो. त्याला ॲटिक, म्हणजे छपराखालचा माळा, बघायचा असतो.

तापलेली हवा वर चढते. त्यामुळे हिवाळ्यात दुमजली घर धुराड्यासारखं वागतं. माळ्याच्या झाकणाच्या कडेने, छतातल्या दिव्यांच्या खोबणीतून, वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून गरम हवा निसटते. तेवढीच गार हवा खाली बेसमेंटमध्ये, काँक्रीटची भिंत आणि लाकडी सांगाडा जिथे भेटतात त्या फटींतून आत ओढली जाते. पाय गारठले की माणूस खिडकीला दोष देतो. खरं भोक दोन मजले वर असतं.

ते सापडतं कसं? माळ्यावर अंथरलेल्या फायबरग्लासच्या गादीवर काळे डाग दिसले, तर ती बुरशीच असेल असं नाही. खालून येणारी हवा गादीत गाळली जाते आणि धूळ मागे राहते. डाग म्हणजे गळतीचा पत्ता. तिथली गादी उचलायची, भोक फोमने किंवा सीलंटने बुजवायचं आणि मग गादी परत पसरायची. हा क्रम उलटा केला तर नुसती जाड गादी हवा अडवत नाही. भट्टीच्या धुराच्या नळकांड्याभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि आग सोसणारं सीलंटच हवं. व्यावसायिक तपासनीस दारात मोठा पंखा बसवून घरातला दाब 50 पास्कलने उतरवतो. घरच्या घरी वाऱ्याच्या दिवशी देवघरातली उदबत्ती पुरते. धुराची रेघ जिथे वाकली, तिथे फट.

कॅनडातल्या रेजायना शहरात 1977 साली बांधलेल्या ‘सॅस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाउस’मध्ये हीच गोष्ट टोकाला नेली होती. जाड भिंती होत्याच, पण फटी इतक्या कसून बंद केल्या होत्या की नेहमीची भट्टी लागलीच नाही.

मात्र घट्ट घराला श्वास द्यावा लागतो. फोडणीचा खकाणा बाहेर फेकायला बसवलेला दांडगा पंखा अशा घरात गॅसच्या वॉटर हीटरचा धूर उलटा आत खेचू शकतो. इलिनॉयमध्ये 2007 पासून झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून 15 फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. सेल संपल्याची पीपी सुरू झाली म्हणून तो काढून खणात टाकणारे महाभाग भेटतात, तेव्हा कारागिराला खरोखर राग येतो.

राहिलं पाणी. गोठताना ते साधारण 9 टक्के फुगतं. पण पाईप बहुधा बर्फाच्या जागी फुटत नाही. बर्फ आणि बंद नळ यांच्यात कोंडलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाईप तिथे फाटतो. कडाक्याच्या रात्री नळ थेंब थेंब गळता ठेवतात तो हा दाब सुटावा म्हणून. 30 जानेवारी 2019 ला शिकागोत पारा उणे 31 अंश सेल्सियसच्या जवळ गेला होता. अशा वेळी सिंकखालच्या कपाटांची दारंही उघडी ठेवायची, म्हणजे खोलीतली ऊब बाहेरच्या भिंतीलगतच्या पाईपांपर्यंत पोचते. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात वीज गेली आणि असंख्य घरांतले पाईप फुटले. शिकागोपेक्षा सौम्य थंडी होती ती, पण उन्हाळ्यासाठी बांधलेल्या तिथल्या घरांत पाण्याच्या नळ्या अनेकदा थेट माळ्यावरूनच जातात.

अंगणातला नळ सगळ्यात फसवा. ‘न गोठणाऱ्या’ नळाची झडप घराच्या आत, उबेत असते; नळ बंद केला की पुढचं पाणी गळून जायला हवं. बागेची रबरी नळी तशीच जोडलेली राहिली तर ते अडकतं आणि गोठतं. नळी सोडवायला दोन मिनिटं पुरतात. फुटलेला पाईप मात्र वसंतात कळतो: कुणीतरी झाडांना पाणी घालायला नळ सोडतं आणि बेसमेंटमधून आरडाओरडा ऐकू येतो.