वाघूरकाठची माती

मराठीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे दरवर्षी अजिंठ्याला जातो. एकाचे महाविद्यालय जळगावात, दुसऱ्याचे धुळ्यात. जळगावहून लेणी सुमारे ६० किलोमीटर. तेथे उभे राहून आम्ही वर्षानुवर्षे जातककथा, करुणा आणि रेषेची लय यांविषयी बोलत आलो. काही वर्षांपूर्वी धुळ्याकडचा एक विद्यार्थी, चित्र गळून उघड्या पडलेल्या भिंतीकडे पाहत म्हणाला, ''सर, हाऊ ते आमना घरना गारा शे.'' सारे हसले. आम्हीही हसलो. त्या हसण्याची लाज आम्हांला पुढे वाटली, कारण तो अक्षरशः खरे बोलला होता.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी खडबडीत कातळावर लोहयुक्त मातीचा गिलावा चढवला. तो धरून राहावा म्हणून त्यात भाताचे तूस, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळले. त्यावर चुन्याचा पातळ थर दिला आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. तांबडा गेरूचा, पिवळा पिवडीचा, हिरवा हिरव्या मातीचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी मात्र राजवर्त अफगाणिस्तानच्या बाजूने आणावा लागे. बाकी बहुतेक सारे आसपासचेच. ज्या रानातली माकडे, हत्ती, हंस, कमळे रंगवायची, त्याच रानाची माती आणि गवत भिंतीवर. या चित्रांत निसर्ग विषय म्हणून येतो तसा द्रव्य म्हणूनही येतो, हे सौंदर्यशास्त्र शिकवणाऱ्या आम्हांला सुचले नव्हते.

द्रव्य सजीवांचे असल्याने त्याची नैसर्गिक गतीही थांबलेली नाही. गिलाव्यातले तूस-गवत कीटक खातात, दमट हवेने थर सुटतात. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी निघू पाहणारे थर जागीच बसवले. पण संरक्षणासाठी चढवलेला लाखेचा थर पुढे पिवळा पडला, रंग झाकोळले आणि तो काढण्याचे काम नंतरच्या पिढ्यांवर आले. भिंतीचा श्वास कोंडला की ती टिकत नाही, हे मातीच्या घरात वाढलेल्या कोणालाही सांगता आले असते.

२००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे जिव्या सोमा मशे आणि इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांचे एकत्र प्रदर्शन झाले. लाँग एव्हन नदीचा चिखल हातांनी भिंतीवर उमटवतात. मशे ज्या वारली परंपरेतून आले, तिच्यात शेणामातीने सारवलेल्या, गेरूने रंगवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. पाश्चात्त्य समीक्षेने पहिल्याला आधुनिक आणि दुसऱ्याला आदिवासी म्हणण्याची सवय लावली होती. चिखल आणि पीठ यांना ही विभागणी ठाऊक नव्हती. आम्हांला ती पाठ होती, आणि म्हणूनच त्या मुलाचे वाक्य आम्हांला विनोद वाटले.

पुढे आम्ही त्याच्या घरी गेलो. घर धाब्याचे; पावसाळ्याआधी वर खारी माती पसरायची, वर्षातून कितीदा तरी भिंती सारवायच्या. गारा किती दिवस भिजवायचा, असे आम्ही त्याच्या आईला विचारले. ''वास यायला लागेपर्यंत,'' ती म्हणाली. भुसा कुजू लागला की मातीला चिकटपणा येतो, हे तिने मग शांतपणे समजावले. आमच्यापैकी एकाच्या गावचे धाबे आम्हीच पाडून स्लॅब टाकला आहे. आईकडून हा प्रश्न विचारून घ्यायचा राहिला. आता ती नाही.

अलीकडे सहलीत आम्ही आधी वाघूरच्या पात्रात उतरतो. लेण्यांच्या खालून वाहणारी हीच नदी पुढे जळगावला पाणी पुरवते. विद्यार्थी मूठभर ओली माती हातात घेतात, तिच्यात वाळकी गवताची काडी मोडून मळतात. मग वर चढतो. जातककथा आम्ही अजूनही सांगतो, पण हात धुऊन न घेता.