पोट पाहून टोपलीत

खेकड्याच्या बिळाचं तोंड गोल नसतं. ते आडवं आणि जरा चपटं असतं, कारण खेकडा तिरपा चालतो तसा बिळातही तिरपाच शिरतो. दारात ताज्या चिखलाच्या गोळ्या पडलेल्या असतील, कडेच्या ओल्या मातीवर नख्यांच्या बारीक रेघा असतील, तर घरधनी घरात आहे. दारावर कोळ्याचं जाळं असेल तर पुढं चालावं. आणि तोंड गुळगुळीत आहे, आत पाणी चमकत नाही, चिखलही ताजा नाही, अशा बिळात हात घालूच नये. आत पाणदिवड असली तर चाव्यावर भागतं, पण नाल्याकाठी नाग आणि घोणसही मुक्काम करतात. आधी काडी, मग हात. काडी आत घातल्यावर ती ओढली गेली, पकडली गेली, तर खेकडा. काडीला काहीच उत्तर आलं नाही, तर हात आपल्याजवळच ठेवावा.

यवतमाळच्या मारेगाव तालुक्यातले आमचे नाले काही मोठे नाहीत. पऱ्हाटी, सोयाबीन आणि तुरीच्या वावरांमधून ते वाट काढतात, उन्हाळ्यात डोहाडोहापुरते उरतात, आणि झड लागली की वर्धा नदीकडं धावत सुटतात. मी शेतकरी माणूस. खेकडे धरणं हा माझा धंदा नाही, पण पावसाळ्यात घरच्या गंजात जे शिजतं त्यात त्याचा वाटा मोठा. जास्तीचे निघाले तर आठवडी बाजारात टोपली घेऊन बसायला लाज वाटत नाही. हे काम मला शिकवलं जवळच्या कोलाम पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, एका म्हाताऱ्यानं. त्यानं शिकवलं म्हणजे समजावून सांगितलं असं नाही. तो पुढं चालायचा, मी मागं. माझ्या हातात आलेला खेकडा तो घ्यायचा, उलटा करायचा, पोटाकडं पाहायचा आणि कधी टोपलीत टाकायचा, कधी परत पाण्यात. "तिले सोड. लेकरं हायेत पोटाखाली." एवढंच बोलणं.

खेकड्याच्या पोटावर एक घडीची पट्टी असते. नराची अरुंद आणि टोकाकडं निमुळती, मादीची रुंद, गोलाकार, पोट झाकून टाकणारी. पावसाच्या सुरुवातीला ही रुंद पट्टी जराशी उचलून पाहिली, की कधी खाली पिवळसर-नारिंगी अंड्यांचा घोस दिसतो, कधी थेट इवलीइवली पिल्लं वळवळताना दिसतात. अंगठ्याच्या नखाहून लहान, पण नांग्यांसकट पूर्ण खेकडे.

समुद्रातल्या चिंबोरीचं असं नसतं. ती लाखोंनी अंडी सोडते, त्यांतून निघालेले जीव खेकड्यासारखे दिसतही नाहीत, ते पाण्याबरोबर तरंगत दूर जातात आणि रूप बदलत बदलत कुठल्या तरी दुसऱ्या खाडीत खेकडे होतात. एका खाडीतली चिंबोरी संपली तरी समुद्र तिथं नवी आणून टाकू शकतो. गोड्या पाण्यातल्या खेकड्याला ही सोय नाही. त्याची अंडी शेकड्यांत मोजावी इतकीच, पण मोठी. तरंगण्याची अवस्थाच नाही. अंड्यातून तयार खेकडा बाहेर येतो, काही दिवस आईच्या पोटाखाली राहतो आणि मग उतरतो तो त्याच नाल्यात, त्याच काठाच्या मातीत. म्हणजे आमच्या नाल्यातला खेकडा बाहेरून कुणी आणून देणार नाही. मी ज्या मादीला टोपलीत टाकीन, तिच्यासोबत पुढच्या दोन-तीन वर्षांचे खेकडेही टोपलीत जातात. म्हाताऱ्यानं हे सगळं कुठं वाचलं नव्हतं. त्यानं नाले रिकामे होताना पाहिले होते, तेवढं पुरलं.

हातानं धरण्यात मजा आहे, पण पाणी वाढलं की बिळं बुडतात आणि सापळा लावावा लागतो. आमचा सापळा बांबूच्या कामट्यांचा, लांबट, मागून बंद. तोंडाशी टोकदार कामट्या आतल्या बाजूला वळवून बांधलेल्या. आत जाताना त्या वाकून वाट देतात, बाहेर येताना टोकं अडवतात. आत कोंबडीची आतडी, नाही तर सुकी मासळी, फडक्यात बांधून. तोंड नेहमी प्रवाहाच्या खालच्या बाजूला. वास पाण्याबरोबर खाली वाहत जातो आणि खेकडा वासाच्या मागं वर चढत येतो. तोंड वरच्या बाजूला केलं तर आमिषाचा वास सापळ्याच्या बंद बाजूनं जातो आणि खेकडे तिथंच बाहेर नांग्या आपटत बसतात.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सापळ्याचा वरचा हिस्सा पाण्याबाहेर राहिला पाहिजे. खेकड्यासाठी नव्हे, कासवासाठी. कोंबडीच्या आतड्यावर कासवही येतं. आमच्या डोहांत जे दिसतं त्याची पाठ कातडीनं मढवलेली, मऊ असते, आणि पोटाच्या बाजूला मागच्या पायांपाशी दोन झडपा असतात. घाबरलं की पाय आत घेऊन ते झडपा मिटून टाकतं. कासव फुप्फुसानं श्वास घेतं. पूर्ण बुडालेल्या सापळ्यात अडकलं तर ते रात्रीत गुदमरून मरतं, आणि सकाळी आपण मेलेलं कासव हातात घेऊन उभे. सापळ्यात नाक वर काढायला जागा असली तर ते चिडलेलं पण जिवंत सापडतं. मग त्याला मागच्या बाजूनं, दोन्ही कडांना धरून उचलायचं. मान वाटते त्यापेक्षा लांब येते आणि चावा सोडत नाही. उचलायचं, डोहात सोडायचं, आमिष नव्यानं बांधायचं.

गावात पूर्वी कासव खाणारे होते, अजूनही कुणी चोरून खातो. कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे झडपांचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. धरलं, मारलं, विकलं तर तीन ते सात वर्षांची कैद आणि, 2022 च्या दुरुस्तीनंतर, किमान 25,000 रुपये दंड. नद्यांमधलं मोठं मऊ पाठीचं लीथचं कासव तर 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत गेलं, आणि ते भारतानंच सुचवलं होतं. पण मी कासव सोडतो ते केवळ कैदेच्या भीतीनं नाही. त्याचं कारण पुन्हा पोटापाशीच, पिल्लांपाशीच येतं, आणि ते मला दूरच्या एका कासवाबद्दल वाचताना कळलं.

अमेरिकेत चावरं कासव, ज्याला तिथं स्नॅपिंग टर्टल म्हणतात, अनेक राज्यांत कायद्यानं धरता येतं आणि खाल्लं जातं. फिलाडेल्फियाचं त्याचं सूप प्रसिद्ध आहे. तिथले जाणते जाळीचा सापळा लावतात आणि त्याचाही एक भाग पाण्याबाहेर ठेवतात, कारण कासव तिथंही फुप्फुसानंच जगतं. धरलेलं कासव ते काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवतात, पाणी बदलत राहतात, म्हणजे आतडं रिकामं होऊन चिखलाचा वास जातो. साफ करताना चरबी आणि कलेजी टाकून देतात, कारण नदीतलं कारखान्यांचं विष तिथं साठतं. हे सगळं वाचताना मला परकं वाटलं नाही. आम्हीही खेकडा रात्रभर ठेवतो, पाण्यात नाही तरी ओल्या बारदानात, आणि आम्हीही काय टाकायचं ते आधी ठरवतो.

पण तिथल्या अभ्यासातला एक आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. मिशिगनमध्ये या कासवांवर खुणा करून त्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला गेला. जस्टिन काँग्डन आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये त्याचा हिशेब मांडला. प्रौढ कासवांपैकी दरवर्षी नेहमीपेक्षा आणखी दहा टक्के मेली, तर वीस वर्षांच्या आत प्रौढांची संख्या निम्मी होते. कारण या कासवाला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, थंड मुलखात त्याहूनही जास्त, आणि पिल्लं बहुतेक मरतातच. तिथला डोह भरलेला दिसतो तो म्हाताऱ्या माद्यांमुळं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतानं 2017 मध्ये ही शिकार बंदच करून टाकली. ज्या प्राण्याची पोरं उशिरा मोठी होतात, त्याला "दरवर्षी थोडं थोडं" हेसुद्धा फार होतं. खेकडा कासवाइतका संथ नाही, त्याची पिढी लवकर येते, म्हणून तो खाता येतो. पण मादी सोडून.

आता साफ करणं. धरलेले खेकडे घागरीत पाण्यात बुडवून झाकण लावून ठेवू नयेत. हा खेकडा ओल्या हवेतही श्वास घेतो. साचलेल्या पाण्यात मात्र तो सकाळपर्यंत मरतो. ओल्या बारदानात, सावलीत ठेवावा. मेलेला खेकडा शिजवायचा नाही, त्याचं मांस फार लवकर नासतं. कात टाकलेलाही नको. तो हाताला हलका लागतो, कवच दाबलं तर लवतं, आणि आत पाणीच असतं. अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पुनवेचा पोकळ, असं आमच्याकडं म्हणतात. मी तिथीपेक्षा हातातल्या वजनावर विश्वास ठेवतो.

जिवंत खेकड्याचे नांगे मोडत बसण्याची पद्धत घरोघर आहे. मी आधी त्याला मारतो. उलटा करून पट्टी उचलली की पोटाच्या मधोमध त्याच्या नसांची मोठी गाठ असते. तिथं टोकदार दाभण एकदाच, खोलवर. पाय सैल पडतात. यात दया आहेच, पण व्यवहारही आहे. भेदरलेला खेकडा आपले पाय आपणच टाकून देतो, त्या जागेतून रस गळतो, आणि रस्सा त्या रसाचाच व्हायचा असतो.

मग नांगे आणि पाय वेगळे. पट्टी काढून टाकायची. पाठीचं टोपण मागच्या बाजूनं अंगठ्यानं उचललं की सगळं उघडं पडतं. दोन्ही बाजूंना पिसांसारखे राखाडी कल्ले, ते ओढून टाकायचे. चिखल त्यांतच अडकतो. तोंडामागं एक छोटी पिशवी असते, ती जठराची. ती फुटू न देता काढायची, नाही तर रस्सा दाताखाली कचकचतो. टोपणातला पिवळा गाभा मात्र चवीचं घर आहे, तो वाटीत काढून ठेवायचा.

त्या पिवळ्या गाभ्यावरच मला एक अट घालावी लागते. खेकड्याच्या अंगात जे विष जातं, ते तिथं साठतं. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत होते. माणसाचं हे झालं, तर धुऱ्यापलीकडच्या नाल्याचं काय? खेकडा कवचाचा आणि सांध्यांच्या पायांचा, म्हणजे किड्यांच्या गणगोतातला. किड्यासाठी केलेलं औषध त्याला किड्याइतकंच लागतं. म्हणून वावरात फवारणी सुरू झाली की त्याच्या खालच्या नाल्यात मी सापळा लावत नाही. बिळाबाहेर सुस्त बसलेला, हात नेला तरी नांग्या न उगारणारा खेकडा दिसला, तर तो नाला त्या हंगामापुरता सोडतो. खेकडा सहज हाती येणं ही चांगली खूण नसते.

घरी पुढचं काम दोन जणांचं. बारीक पाय पाट्यावर ठेचायचे, मिक्सरही चालतो, थोडं पाणी घालून रस फडक्यातून पिळून घ्यायचा. कांदा आणि खोबरं भाजून, धणे, लसूण, आलं, लाल तिखट यांचं वाटण तेलात परतायचं, नांगे आणि धडाचे तुकडे त्यात टाकून शिजवायचे. पिळलेला रस सगळ्यात शेवटी, मंद आचेवर, सराट्यानं सतत ढवळत. ढवळणं थांबलं की रस फाटतो, गुठळ्या वर येतात आणि पाणी खाली राहतं. नीट जमलं तर रस्सा आपोआप दाट होतो, बेसन लावावं लागत नाही. पिवळा गाभा उकळी आल्यावर, वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर. आणि शिजवायचं ते पूर्ण. कच्च्या खेकड्यात फुप्फुसात घर करणारे कृमी असू शकतात, ईशान्य भारतात त्यांनी माणसं आजारी पाडली आहेत. ज्वारीची भाकर असेल तर भात मागू नये.

बाजारात बसलो की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "भरलेली मादी हाये का?" अंड्यांसाठी ते दोन पैसे जास्त द्यायलाही तयार असतं. माझ्याकडं नसते. मी नर उचलून त्याचा मोठा नांगा दाखवतो, मांस तिथं जास्त असतं हे सांगतो. काहींना पटतं. बाकीचे शेजारच्या टोपलीकडं वळतात आणि तिथं त्यांना हवी ती मिळते. त्या टोपलीवर माझी काही सत्ता नाही. पण आमच्या वावराखालच्या नाल्यात मी आणि माझी पोरं जातो, आणि तिथं खेकडा हातात आला की पहिल्यांदा उलटा होतो. पोरांना मी बिळं ओळखायला नंतर शिकवलं, पट्टी ओळखायला आधी.