आधी माती

सुरूच्या बनात जमिनीवर तपकिरी काड्यांचा जाड थर साचतो. कोकणच्या किनाऱ्यावर अनवाणी हिंडलेल्या कुणालाही तो ठाऊक असेल. पायाला सुखाचा, पण कुजायला फार चिवट. त्यामुळे सुरूखाली दुसरं काही सहजी उगवत नाही. केनियात, मोम्बासाशेजारच्या बांबुरीला, सिमेंट कंपनीच्या खाणीत हीच अडचण उभी राहिली होती.

1971 साली रेने हालर हे स्विस कृषितज्ज्ञ त्या खाणीत झाडं लावायला उतरले. पोवळ्यांपासून बनलेला चुनखडीचा दगड खरवडून काढलेला तो तळ. माती नावालाही नाही, खाली मचूळ पाणी, डोक्यावर विषुववृत्ताचं ऊन. 26 जातींची रोपं लावली, त्यांतल्या तीनच तगल्या: सुरू, कोनोकार्पस आणि नारळ. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले सूक्ष्मजीव हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. म्हणून तो दगडावरही फोफावला. मात्र काड्या पडत राहिल्या आणि तशाच राहिल्या. मग हालर यांना लाल पायांचा वाणी त्या काड्या खाताना आढळला. पावसाळ्यात आपल्या ओसरीवर येतो, हात लावला की वेटोळं करून पडतो, त्याच जातकुळीतला हा किडा. त्यांनी शेकडो वाणी आणून खाणीत सोडले. वाणी काड्या खात गेले, त्यांच्या विष्ठेचं खत होत गेलं आणि दगडावर काळी माती धरू लागली. पुढे तिथे इतर झाडं आली, मत्स्यतळी आली, हरणं आणि पाणघोडेही आले. आज त्या जागेला हालर पार्क म्हणतात.

हालर लँडस्केप आर्किटेक्ट नव्हते. आफ्रिकेत आमचा पेशा कसा वाढावा हा विषय निघाला की मला तरीही पहिल्यांदा तेच आठवतात. आमच्या शिक्षणात कागद फार लवकर हातात येतो आणि माती फार उशिरा. आफ्रिकेतल्या वसाहतींच्या शहरांत तर बागेचा नमुनाच समुद्रापलीकडून आला: हिरवळ, कुंपण, परदेशी झाडांच्या रांगा. ऑक्टोबरात प्रिटोरियाचे रस्ते नीलमोहराने जांभळे होतात. ते झाड दक्षिण अमेरिकेचं. दृश्य सुंदर असतं, मलाही आवडतं. पण शेजारच्या टेकडीवरचं गवत त्या सौंदर्यात कुठेच नसतं, ही बोच उरते.

लँडस्केप आर्किटेक्टांचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1948 मध्ये केंब्रिजला स्थापन झाला. आज आफ्रिका हा त्याच्या विभागांपैकी एक आहे. दक्षिण आफ्रिकेत या पेशाची संस्था 1962 पासून आहे, आणि 2000 साली तिथल्या संसदेने या पेशासाठी स्वतंत्र कायदा केला. नैरोबीजवळ जुजाला जोमो केन्याटा विद्यापीठात हा विषय शिकवतात. ते विद्यापीठ कृषी आणि तंत्रज्ञानाचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण पन्नासहून जास्त देशांच्या खंडात असे अभ्यासक्रम अजून तुरळकच आहेत, आणि शहरं मात्र थांबायला तयार नाहीत.

कैरोतली अल-अझहर बाग 2005 साली खुली झाली. दराशाच्या टेकाडावर शतकानुशतकं शहराचा राडारोडा पडत आलेला, त्यावर ही 30 हेक्टरांची बाग. आगा खान ट्रस्टने पैसा उभा केला. बागेची रचना माहेर स्टिनो आणि लैला एलमसरी स्टिनो या इजिप्शियन जोडप्याची. उकरता उकरता बाराव्या शतकातली अय्युबी तटबंदी बाहेर आली. शहराच्या पाण्याच्या तीन प्रचंड टाक्या त्याच टेकाडात बसवायच्या होत्या. खारट, भुसभुशीत भरावात काय जगेल हे आधी रोपवाटिका काढून तपासलं गेलं. शेजारच्या दर्ब अल-अहमर या गरीब वस्तीतल्या तरुणांना दगडकामाचं आणि सुतारकामाचं शिक्षण मिळालं. रोपवाटिका आणि कारागीर हाताशी असले की पेशाला जमीन मिळते, असं मी म्हणते ते अशा कामांकडे बघून.

प्रिटोरियाच्या सालवोकॉप टेकडीवरच्या फ्रीडम पार्कमध्ये आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. स्वातंत्र्यासाठी आणि संघर्षांत गेलेल्यांचं ते स्मारक. रचनाकारांनी पारंपरिक वैद्यांशी आणि जाणत्या वडीलधाऱ्यांशी बोलणी केली. इसिविवाने या विसाव्याच्या जागी प्रांताप्रांतांतून आणलेले मोठमोठे धोंडे गोलाकार मांडले आहेत, आणि आत जाताना पादत्राणं काढायची असतात. चौथऱ्यावरचा पुतळा तिथे लागत नाही. गेलेल्यांना कसं भेटावं हे तिथल्या माणसांना ठाऊक होतं. रचनाकारांनी ते ऐकून घेतलं, यातच त्यांचं कौशल्य.

हे सगळं एकेका ठिकाणी घडलं. खंडभर घडायचं तर साध्या कामकाजाच्या गोष्टी बदलाव्या लागतील. आपल्याकडेही झाडांचा खर्च अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर असतो, आणि पैसे कमी पडले की पहिली काट त्यालाच लागते. जुजाला शिकून बाहेर पडलेल्या मुलीला नगरपालिकेने रस्ता आणि गटार ठरण्याआधी बोलवावं. नकाशावर सही करायचा अधिकार तिला कायद्याने असावा. ओढा कुठून वाहायचा हे सांगणाऱ्या म्हातारीचं म्हणणं तिने नोंदवलं, तर ती नोंद कंत्राटात जावी. आणि रोपवाटिकेचे पैसे पाऊस सुरू होण्याच्या वर्षभर आधी मंजूर व्हावेत, कारण स्थानिक झाडाचं रोप बाजारात तयार मिळत नाही, ते बी गोळा करून वाढवावं लागतं.