फुकट आणि मुक्त

इंग्रजींत ‘फ्री’ हा एकच शब्द पैसे न पडणाऱ्या वस्तूसही लावतात आणि बंधनांत नसलेल्या माणसासही. मराठीस ही अडचण नाहीं. आपल्याकडे ‘फुकट’ निराळें, ‘मुक्त’ निराळें. असें असूनही ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणतांच आमच्या सुशिक्षित मंडळींस प्रथम आठवतें तें फुकटच, ह्याचें नवल वाटतें.

ह्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेंतील एम.आय.टी. संस्थेच्या प्रयोगशाळेंत काम करीत. प्रिंटरमध्यें कागद अडकला कीं तशी सूचना सर्वांस मिळावी, अशी सोय त्यांनीं तेथील जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत केली होती. पुढें नवें यंत्र आलें, तेंही अडे. पण त्याच्या आज्ञावलीचें माणसास वाचतां येईल असें मूळ रूप कांहीं मिळेना. दुसऱ्या विद्यापीठांतील ज्या गृहस्थापाशीं तें होतें, त्यानें तें कोणास न देण्याचें वचन देऊन ठेविलें होतें. यंत्र आपल्या खोलींत, आणि दुरुस्तीची मुभा मात्र नाहीं! १९८३ सालीं स्टॉलमन ह्यांनीं ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला.

त्यांचें मागणें असें: आज्ञावली हव्या त्या कामीं चालवितां यावी, उघडून वाचतां व बदलतां यावी, तिच्या प्रती शेजाऱ्यास देतां याव्या, आणि आपण केलेली सुधारणाही वाटतां यावी. किंमत घेण्यास ना नाहीं. स्टॉलमन स्वतः प्रती विकीत असत. १९८९ च्या त्यांच्या परवान्यांत आणखी एक अट आहे. सुधारलेली आज्ञावली जो दुसऱ्यास देईल, त्यानें तिचें मूळ रूप व हेच हक्क त्यासही दिले पाहिजेत. हें बंधनच नव्हे काय, असें कित्येक विचारतात. बर्कले विद्यापीठाच्या परवान्यांत अशी अट नाहींही. पण वाड्यांतील सामाईक विहिरीस एका भावानें कुलूप लावावें, हें त्याचें स्वातंत्र्य, असें आम्हांस तरी म्हणवत नाहीं.

‘आम्हांस कोठें आज्ञावली वाचतां येते?’ असेंही कोणी म्हणेल. घरचा जमाखर्च तरी सर्वांस कोठें कळतो? परंतु वही उघडी असली म्हणजे जाणता कोणी पाहूं शकतो, आणि लिहिणाराही जपून लिहितो.

जुलै २००९ मध्यें ॲमेझॉन कंपनीनें विकलेल्या ‘किंडल’ यंत्रांतून जॉर्ज ऑर्वेल ह्यांच्या ‘१९८४’ ह्या कादंबरीच्या कांहीं प्रती परस्पर नाहींशा झाल्या. विकणाऱ्यास त्या विकण्याचा हक्क नव्हता, असें कारण देण्यांत आलें. ग्राहकांस किंमत परत मिळाली आणि कंपनीनें पुढें क्षमाही मागितली. पण घरांतील पुस्तक दुरून काढून नेण्याची सोय त्या यंत्रांत आहे, हें किती जणांस आधीं ठाऊक होतें?