तांबं आणि त्याचं कथील

निव्वळ कथलाचं भांडं आमच्या घरात कधी नव्हतं, आळीतही कुणाकडे पाहिल्याचं आठवत नाही. तांब्याचं मात्र काय नव्हतं! हंडे, कळश्या, घंगाळ, देवघरातलं ताम्हण, पळी-पंचपात्र, आणि न्हाणीघरातला तो थोरला बंब. सोनं सोडलं तर इतका ठसठशीत रंग असलेला दुसरा धातू आपल्या रोजच्या वापरात नाही. बाकी सगळे पांढऱ्या-करड्या छटांचे, आणि कथील त्यांच्यातही सर्वांत अबोल. मला लिहायचं आहे ते या दोघांबद्दल. पण आधीच सांगून टाकते, झुकतं माप कथलाला मिळणार आहे. तांब्याचं कौतुक करायला पुष्कळजण आहेत.

तांबं उधळ्या स्वभावाचं. हाती आलेलं काही म्हणून ते स्वतःपाशी ठेवत नाही. बुडाशी आच लागली की ती साऱ्या अंगभर वाटून मोकळं होतं. उष्णता वाहून नेण्यात चांदीच्या खालोखाल तांब्याचाच नंबर. लोखंडाच्या जवळजवळ पाचपट वेगानं ते ऊब पुढे देतं. म्हणून तांब्याच्या पातेल्यात बुडाशी एका जागी जळून बाजूला कच्चं, असा प्रकार होत नाही. विजेचंही तेच. तांब्याच्या प्रत्येक अणूतला एक इलेक्ट्रॉन जणू सार्वजनिक मालमत्ता असतो, कुणाचाच नसल्यासारखा धातूभर हिंडत राहतो. उष्णता असो वा वीज, तोच ती वाहतो. घरातली तार, पंख्याची मोटर, चौकातला ट्रान्सफॉर्मर, सगळं या एका उदारपणावर चाललं आहे.

हा उदारपणा पाण्याशीही असतो. रात्रभर हंड्यात राहिलेल्या पाण्यात तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश उतरतो आणि तेवढा जंतूंना भारी पडतो. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून अधिकृत नोंदणी दिली, तेव्हा आमच्याकडच्या कितीतरी आज्यांनी नुसती मान हलवली असती. पण आंबट पदार्थाशी गाठ पडली की हाच गुण अवगुण होतो. ताक, चिंचेची आमटी, कोकमाचं सार तांब्या-पितळेच्या उघड्या भांड्यात ठेवलं की कळकतं. कळकलेल्या ताकाची चव एकदा घेतलेला माणूस ती विसरत नाही: नाणं जिभेवर ठेवल्यासारखी कडसर, धातूची, घशात मागे रेंगाळणारी. पोटात ढवळून येतं. देताना किती द्यावं हे तांब्याला कळत नाही, आणि इथे कथलाची गरज लागते.

वाईला आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत वर्षातून एकदा कल्हईवाले चाचा भट्टी मांडायचे. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, एका बाजूनं आत शिरलेली भात्याची नळी. आळीतल्या बायका पातेली, पराती, सतेली आणून रांगेत ठेवायच्या. चाचांचा मुलगा मोठ्या पातेल्यात ओली वाळू टाकून आत उभा राहायचा, भिंतीला हात टेकायचा आणि कमरेपासून गरागरा वळत पायांनी भांडं घासायचा. मग ते सांडशीत धरून आगीवर. भांडं पुरेसं तापलं हे चाचा रंगावरून ओळखत. चिमूटभर नवसागर आत पडला की पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकाला झोंबायचा, आणि त्या धुराआड तांब्यावरचा काळपट थर गळून आतलं गुलाबी अंग उघडं पडायचं. नवसागराचं काम एवढंच, पण त्याच्यावाचून पुढचं काहीच होत नाही. मळलेल्या तांब्याला कथील धरत नाही. त्याच क्षणी कथलाची कांडी आत टेकायची. टेकली की पाणी. चाचा कापसाच्या बोळ्यानं ते पाणी एका फेऱ्यात फिरवायचे आणि लाल भांडं आतून चांदीचं होऊन जायचं. मग चर्र करून पाण्यात. हे सगळं माझा श्वास रोखलेला असतानाच उरकायचं.

त्यातलं रसायन पुढे कळलं, पण नवल कमी झालं नाही. तांबं वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात, कथलाला २३२ पुरतात. म्हणजे ज्या आचेवर तांब्याला घामही फुटत नाही, त्या आचेवर कथील वाहू लागतं. आणि ते नुसतं वर लिंपलं जात नाही. दोघांच्या सीमेवर एक पातळसा थर तयार होतो, त्यात दोघांचे अणू ठरावीक प्रमाणात गुंफलेले असतात. कल्हई घासून पटकन निघत नाही ती त्यामुळे. वरचं कथील आमटीला, ताकाला फारसं दाद देत नाही. आंबटाशी त्याचं भांडण नाही, आणि यदाकदाचित कणभर पोटात गेलंच तर अपायही नाही. स्वयंपाकघरात ‘रिकामं भांडं चुलीवर ठेवू नका’ हा जो दंडक होता, त्यामागे हेच २३२ अंश होते. पाणी किंवा डाळ आत असेल तोवर भांडं शंभराच्या आसपास राहतं. कोरडं तापलं की कल्हई गोळा होऊन बुडाशी बसते. आजीला आकडा ठाऊक नव्हता, पण सुना आणि नातींनी मिळून कितीही घाई केली तरी तिनं तो नियम मोडू दिला नाही.

एके वर्षी चाचांनी मला कथलाची कांडी हातात दिली. ‘कानाजवळ धर बेटा, आणि वाकव.’ मी वाकवली. आतून कुरकुरल्यासारखा बारीक आवाज आला. पुन्हा वाकवली, पुन्हा तोच. कथलाचे स्फटिक वाकताना सरकत नाहीत. त्यांची रचना झटक्यानं उलटते, आरशातल्या प्रतिबिंबासारखी होते, आणि त्या झटक्यांचा हा आवाज. शिसं वाकताना मुकं असतं, आणि कथलात शिसं मिसळलं की त्याचाही आवाज बसतो. शिसं पोटात जाणं म्हणजे विष. म्हणून कांडी कानाशी धरणं हा नुसता खेळ नव्हता, ती जुन्या लोकांची परीक्षा होती. जो धातू कधी स्वतःचं भांडं होत नाही, त्याचा स्वतःचा म्हणून एवढा एक आवाज आहे, आणि तो ऐकायला कान अगदी जवळ न्यावा लागतो.

थंडीत मात्र कथील हळवं होतं. १३ अंशांच्या खाली त्याची घडण बदलू शकते: चकचकीत धातूचा ठिसूळ, करडा भुगा. युरोपच्या उत्तरेकडच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्या या रोगानं खाल्ल्या आहेत. आमच्याकडे हिवाळ्यात पारा तेवढा उतरतो, पण कल्हई शाबूत राहते. त्या रोगाला शुद्ध कथील आणि पुष्कळ कडक, लांबलेली थंडी लागते.

तांब्याचा आवाज ऐकायचा तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत जावं. पेशवाईपासून ही मंडळी तिथे पत्रा ठोकत आली आहेत. घडलेल्या भांड्यावर शेवटी लहान हातोडीनं एकसारखे, एकाशेजारी एक ठोके घालतात, ते मठारकाम. उन्हात धरलं की प्रत्येक ठोक्यात एकेक सूर्य दिसतो. मठारण्यानं शोभा येते, पण मूळ हेतू मजबुतीचा: प्रत्येक ठोक्यानं मऊ तांबं आणखी ताठर होत जातं. फार ताठरलं की तडकायचा धोका, मग पुन्हा लाल होईतो तापवायचं, की ते मऊ. ही हातोडीची लय इतकी ओळखीची, की उन्हाळ्यात वडा-पिंपळावर बसून टुक् टुक् करणाऱ्या हिरव्या पाखरालाही आपण तांबटच म्हणतो.

एवढं ठोकूनही तांबं मुळात मऊच. कथील त्याहून मऊ, नखानं जवळजवळ ओरखडा निघेल इतकं. आणि हे दोन मऊ धातू एकत्र वितळवले की त्यांच्यातून दोघांपेक्षा कठीण असा तिसरा निघतो. मला रसायनशास्त्रातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. तांब्याचे अणू आपापल्या रांगांमध्ये सहज घसरतात. मध्ये कथलाचा थोराड अणू येऊन बसला की रांग अडते, घसरणं थांबतं, धार टिकते. माणसानं दहा वाटे तांब्यात वाटाभर कथील टाकलं आणि इतिहासाच्या एका अख्ख्या युगाला त्या मिश्रणाचं नाव पडलं. १९८२ साली तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ, उलुबुरुन इथे, समुद्राच्या तळाशी सुमारे ३,३०० वर्षांपूर्वी बुडालेलं एक जहाज सापडलं. त्यात दहा टनांच्या आसपास तांबं होतं आणि टनभर कथील. प्रमाण बघा! तांबं सायप्रसचं, कथलाचा काही भाग थेट मध्य आशियातल्या डोंगरांतून आलेला. तांबं पुष्कळ ठिकाणी मिळतं, कथील मोजक्याच ठिकाणी. त्या मूठभर करड्या धातूसाठी माणसं हजारो मैल चालली, नावा घेऊन निघाली. आपल्याकडेही पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक प्रवासग्रंथ सांगतो, की भडोच बंदरात परदेशी जहाजांतून तांबं आणि कथील दोन्ही उतरत. पैठण आणि तेरचा माल ज्या वाटेनं घाट उतरून त्या बंदराला जाई, त्याच वाटेनं परतणाऱ्या गाड्यांत कथलाच्या लगडी असतील असं मला फार वाटतं.

कथलाचं प्रमाण वाढवत नेलं, पाचात एक इतकं केलं, की धातू बोलू लागतो. हे कांसं. निव्वळ तांब्याची घंटा वाजवली तर ठण् करून थांबते. मऊ धातू कंप गिळून टाकतो. कथील त्याला ताठ करतं आणि कंप आत फिरत राहतो. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर, एक भलीमोठी घंटा आहे. वसईच्या मोहिमेत, १७३९ साली चिमाजीआप्पांनी जिंकून आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ती एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बालयेशूला घेतलेली मेरी आहे. लहानपणी आम्ही तिच्या काठावर बोटाच्या पेरानं टकटक करत असू आणि तळवा टेकवून ठेवत असू. ऐकू येणं संपलं तरी तळव्याखाली ती बराच वेळ थरथरत असायची. याच कुळातली घरगुती वस्तू म्हणजे काशाची वाटी. तुपाचं बोट तळपायाला लावून आजी ती फिरवायची आणि डोळे मिटायचे. पण कांसं जपावं लागतं. हातून फरशीवर पडलं तर पोचा येत नाही, तडा जातो. कथलानं दिलेल्या आवाजाची ही किंमत.

आता घराघरात स्टील आलं, कल्हईवाले दुर्मीळ झाले. तांबं टिकून आहे. त्याचा भाव सगळ्यांना पाठ असतो, जुना हंडा मोडीत नेला तर दुकानदार लगेच काटा काढतो. आतल्या कल्हईचा हिशेब कुणी करत नाही. आणि तरी आज माणसाचं जितकं काम कथलावर अडलं आहे तितकं क्वचितच कधी अडलं असेल. जगात निघणारं जवळजवळ निम्मं कथील डाख देण्यात जातं. मोबाईलच्या पोटातल्या हिरव्या पट्टीवर तांब्याच्या केसाएवढ्या वाटा असतात, आणि त्या वाटांना प्रत्येक सुट्या भागाशी जोडणारा चकचकीत थेंब बहुतेक कथलाचाच. पूर्वी त्यात शिसं असे. विषारी म्हणून ते काढलं गेलं. आता नेहमीच्या डाखात शंभरात साडेशहाण्णव भाग कथील, तीन भाग चांदी आणि अर्धा भाग, अर्थातच, तांबं.

माझ्याकडे आजीची दोन सतेली आहेत. आतली कल्हई विरून मधेमधे लाल डाग दिसू लागले आहेत, म्हणजे त्यांत आता आमटी करता येणार नाही. जुन्या पेठांमध्ये अजून एक-दोघे हे काम करतात असं कळलं आहे. दिवाळीच्या आत सतेली घेऊन जाणार आहे. भट्टी पेटण्याआधी त्यांच्याकडून कथलाची कांडी मागून घेईन, कानाशी धरून वाकवीन, आणि ती कुरकुरली तरच पुढचं काम सांगेन.