हिरव्या बांगड्यांची बातमी

बातमीत रस असावा की नसावा, हा वाद मराठी पत्रसृष्टीत जुना आहे. नागपूरच्या ‘देशसेवक’ पत्राचे एके काळचे संपादक अच्युतराव कोल्हटकर यांनी १९१५ साली मुंबईस ‘संदेश’ काढून रूक्ष वार्तेस नाटकाचा साज चढविला. विद्वानांनी नाके मुरडली, वाचकांनी मात्र ते पत्र डोक्यावर घेतले. आम्ही सिंदेवाहीहून नागपूरच्या एका पत्रास बातम्या पाठवू लागलो, तेव्हा मनाने अच्युतरावांच्याच पंगतीस बसलो होतो. आमचा मुलूख धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा. येथील मोठी बातमी बहुधा वाघाची, आणि आमच्या लेखणीस ती पर्वणी वाटे. हा शब्द आज लिहिताना हात अडखळतो.

काही वर्षांपूर्वी तेंदूपानांच्या हंगामात जवळच्या खेड्यातील एक बाई वाघाने मारली. आम्ही दूरध्वनीवरून चार ओळींची माहिती घेतली आणि सजावट घरी बसून केली. ‘हातांतील हिरव्या बांगड्यांचा चुरा पानांवर विखुरला होता,’ हे वाक्य आम्हांस विशेष साधले असे वाटले. संपादकांनीही ते चौकटीत छापले. पंधरा दिवसांनी तिचा मुलगा आठवडी बाजारात भेटला. कात्रण घडी करून त्याने खिशात ठेविले होते.

“बातमी चांगली लिहिली जी तुम्ही,” तो म्हणाला. “पन मायच्या हातात हिरव्या बांगड्या कुठून आल्या? बाप मरून बारा वर्सं झाली.”

त्याच्या स्वरात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. त्या ओळीवरून गावात काय कुजबुज झाली, ते आम्ही विचारले नाही व त्यानेही सांगितले नाही. दोष अच्युतरावांचा नव्हे, आमचा. दुरुस्तीचा मजकूर आम्ही पाठविला. तो छापला गेला नाही.

आमच्या तोंडून कसेबसे एवढेच निघाले, की त्या दिवशी आईने किती पाने तोडली होती? तेव्हा तो बोलू लागला. सत्तर पानांचा एक पुडा. ऊन चढण्याआधी परतायचे म्हणून अंधारातच निघायचे. झुडूप ठेंगणे, म्हणून कंबरेत वाकूनच तोडायचे; आणि वाकलेले माणूस वाघास माणसासारखे दिसत नाही, असे जुने लोक सांगतात. तिने तोडलेली पाने शेजारणींनी संध्याकाळी बांधली, फळीवर नेली आणि तिच्याच नावावर मोजून दिली. आमच्या प्रतिभेस सात जन्मांत हे सुचले नसते. विचारले असते तर मात्र पहिल्याच दिवशी कळले असते.

१० मे २०२५ रोजी आमच्याच तालुक्यातील मेंढा-माल येथील तीन स्त्रिया तेंदूपाने तोडावयास गेल्या असता एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. नागपूरहून निरोप आला, “जरा रंगवून पाठवा.” आम्ही निघण्याची वेळ, झुडपाची उंची, पुड्यातील पानांची संख्या अशा क्रमाने लिहिले आणि मृत्यूची ओळ शेवटी ठेविली. विशेषण एकही घातले नाही. दुसऱ्या दिवशी मजकूर जसाच्या तसा आला होता. ‘जंगलातील थरार’ हा मथळा तेवढा त्यांनी आपल्या पदरचा दिला होता.