पाणी लागतं तेव्हा

मराठवाड्यात विहीर खणताना झरा फुटला की ‘पाणी लागलं’ म्हणतात. उसाला फार ‘पाणी लागतं’, ही चिंताही इथलीच. परगावी पोट बिघडलं तर तिथलं ‘पाणी लागलं’. नाम तेच, क्रियापद तेच. पण पहिल्यात लाभ, दुसऱ्यात गरज, तिसऱ्यात बाधा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की वाटेत दौलताबाद लागतं, मग घाट लागतो, खुलताबाद लागतं. ऊन लागतं, तहान लागते आणि कैलास लेणं पाहून वेड लागतं. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी इंग्रजी ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजल्याचं २०११ साली गाजलं होतं. माणूस, नदी, यंत्र, दुकान, सगळ्यांना ते एकच क्रियापद पुरतं. अशा शब्दाचा आपल्या मुलांना धाक वाटतो. पण ज्यांच्या तोंडी ‘लागणे’ आहे, त्यांनी घाबरावं असं त्यात काही नाही.

कारण हे अर्थ विखुरलेले नसतात. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणं, भिडणं; लग्न, संलग्न, लगत ही सगळी त्याच कुळातली. उसाची लागण आणि रोगाची लागण हा एकच शब्द, कारण बेणं मातीला भिडतं तसा रोग देहाला. खणणाऱ्याची पहार पाण्याला भिडते, चालणाऱ्याला गाव भिडतं. कुणी म्हणेल, ‘मला जावं लागतं’ यात कसला स्पर्श? पण या वाक्यातला ‘मी’ पाहा. तो ‘मला’ झाला आहे. भूक, ठेच, नाद यांच्यासारखीच निकडही बाहेरून येऊन माणसाला भिडते. उलट ‘मी कामाला लागलो’ म्हणताना माणूसच कामाला जाऊन भिडतो. दिशा बदलली, स्पर्श कायम राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इतके अर्थ असलेला शब्द संदिग्ध होणारच. ‘पिकाला पाणी लागलं’ म्हणजे पाण्याची गरज पडली की मुळं कुजली? सुटं वाक्य खरंच याचं उत्तर देत नाही. पण बोलणारा आणि ऐकणारा एकाच शिवारात उभे असतात. दुष्काळ आहे की झड लागली आहे, हे दोघांनाही दिसतं. कागदावर तो आधार नसतो, तिथे मराठीनेच सोय केली आहे: ‘कायदा लागू झाला’ याचे दोन अर्थ कुणी काढत नाही. संदर्भ सैल असेल तिथे भाषा स्वतःच शब्द आवळून घेते.

म्हणून इंग्रजी क्रियापदांच्या अर्थांच्या याद्या पाठ करून घेण्याआधी शिक्षकांनी मुलांकडून ‘लागणे’ची वाक्यं मागवावीत आणि त्यांतला समान धागा त्यांनाच शोधू द्यावा. पाण्याचं तीन तऱ्हेचं लागणं जे मूल न गोंधळता बोलतं, त्याच्याकडे परक्या क्रियापदाचा माग काढण्याचं कसब आधीपासूनच आहे. शाळेने ते ओळखायला हवं.